बाप उसना देऊ नका

स्टार्टअप काढायचं म्हणून सल्ला मागायला येणाऱ्या पोरापोरींना मी आधी चहा पाजते आणि मग विचारते, तुमची गोष्ट कोण सांगणार? ते गोंधळतात. त्यांना वाटतं मी ग्राहक कोण ते विचारीन, नोंदणी झाली का ते विचारीन. ते सगळं पुस्तकांत आणि व्हिडिओंत फुकट मिळतं. मी विचारते ते मिळत नाही, कारण या धंद्यात ज्यांनी मार खाल्ला त्यांना कुणी भाषणाला बोलावत नाही, ज्यांनी मारला त्यांना बोलावतात. म्हणून लिहून ठेवते. पार्टनरला लॅपटॉप द्या, पासवर्ड द्या, हिश्श्याचं नंतर बघू म्हणा आणि पस्तावा. पण बाप उसना देऊ नका. तो आपण होऊन कुणी परत करत नाही. मी माझा परत आणला, आणि त्यासाठी जे केलं त्याचा मला जराही पश्चात्ताप नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढे माझ्याकडून कुणी समजूतदारपणाची अपेक्षा ठेवणार नाही.

माझे बाबा नागपूरजवळ हिंगण्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात प्रेस मशीनवर होते. पहिल्या पाळीची कंपनीची बस आमच्या वस्तीच्या तोंडाशी, पानठेल्यासमोर यायची. तिथे पाटी नव्हती, शेड नव्हती. थांबा म्हणजे डब्यांच्या पिशव्या. आधी येईल त्याने आपली पिशवी फुटपाथच्या कडेला ठेवायची, मागच्याने त्यामागे, आणि सगळ्यांनी ठेल्यावर चहा प्यायला जायचं. रांगेत पिशव्या, माणसं मोकळी. बस आली की हाताला येतील तेवढ्या पिशव्या उचलायच्या, आपली असो की दुसऱ्याची, आणि आत ज्याच्या त्याच्या ठरलेल्या सीटवर टाकायच्या. पिशवी चढली म्हणजे माणूस चढला असं ते धरून चालायचे, आणि वर्षानुवर्षं ते बरोबरच होतं.

मी शाळेत असताना एका सकाळी ते चुकलं. रस्त्याच्या खोदकामामुळे बस पलीकडच्या बाजूने आली, घाईत थांबली आणि निघाली. बाबा ठेल्यामागे नळावर बाटली भरत होते. शेजारच्या सीटवरच्या जोडीदाराने त्यांची पिशवी उचलली, सीटवर ठेवली, आणि बाबा मागच्या दाराने चढले असतील असं समजून डोळे मिटले. बाबा परत आले तर फुटपाथ रिकामा. त्यांनी दुसऱ्या कारखान्यातल्या एका ओळखीच्या माणसाच्या मोटरसायकलवर लिफ्ट घेतली, आणि गिट्टी पसरली होती त्या वळणावर दोघं घसरले. त्या माणसाला खरचटलं. बाबांचा पाय गाडीखाली आला. डबा कारखान्यात वेळेवर पोहोचला, बाबा दवाखान्यात पोहोचले.

पाय जुळला, पण थोडा आखूड जुळला. कारखान्याने काही दिवस बसून करायचं काम दिलं आणि मग तेही दिलं नाही.

त्या संध्याकाळचं एक अजून आहे. न खाल्लेला डबा माणसाशिवाय परत आला तर तो घरच्या बाईच्या हातात द्यायचा नाही, अशी त्या बसमधल्या लोकांची पद्धत होती. हातात दिला म्हणजे वाईट बातमी दिली, असं मानायचे. जोडीदाराने आमच्या दाराच्या कडीला पिशवी अडकवली, कडी वाजवली आणि पायरीखाली उभं राहून, आत न येता, आईला सांगितलं की भाऊ बरा आहे, पायाले लागलं आहे, जीव शाबूत आहे. आई दवाखान्यातूनच आली होती, तिला सगळं ठाऊक होतं. तरी तो बाहेरच उभा राहिला आणि आईनेही ते ऐकून घेतलं. हा भाग मी पुढे कधी कुठल्या मीटिंगमध्ये सांगितला नाही. तो विकायचा नव्हता.

बाकीचा मात्र मी विकायला काढला. इंजिनिअरिंगला असताना माझ्या डोक्यात आलं की बस कुठे आहे हे कामगाराच्या मोबाइलवर दिसलं पाहिजे. आज हे सोपं वाटतं. तेव्हा हिंगण्यातल्या कंपन्यांचे मॅनेजर मला म्हणायचे की बस वेळेवरच येते, दाखवायचं काय. मी बसमागून बस फिरले, कन्हानकडच्या, मौद्याकडच्या, कोणता ड्रायव्हर कुठे वळतो, कुठे डिझेल भरतो, कुठे उगाच थांबतो. पिशव्यांची रांग मी अ‍ॅपमध्येही ठेवली. पोहोचलं की एक बटण दाबायचं, तुमची पिशवी रांगेत लागते. बस निघायला लागली आणि तुम्ही चढला नसाल तर जोडीदाराचा फोन वाजतो. सगळी करामत त्या जोडीदाराच्या फोनमध्ये होती, आणि ती मला सुचली कारण आमच्या घरी एक पाय आखूड होता.

पार्टनर माझ्याच वर्गातला. पश्चिम नागपुरातला, इंग्रजी माध्यमातला, बोलण्यात तरबेज. मी खोटं का बोलू, तो चांगला बोलायचा. मी बोलायला उभी राहिले की दुसऱ्याच वाक्यात सर्व्हरवर घसरायचे. त्याचे वडील बँकेत होते. त्यांनी घरातली पुढची खोली आम्हाला काम करायला दिली होती. भर मे महिन्यात कूलरमध्ये पाणी भरून ठेवायचे, आणि दुपारी बँकेतून फोन करून विचारायचे की पोरांनी जेवण केलं का. सरळ माणूस. कधी आमच्या कामात डोकावले नाहीत.

आमच्यात कागद झाला नाही. नागपुरात दोस्तीत कागद मागणं म्हणजे तोंडावर चोर म्हणण्यासारखं. तो म्हणाला, "आपल्यात काय कागद?" आणि मलाही ते छान वाटलं. पोरांनो, हे वाक्य कुणी तुम्हाला म्हटलं तर त्याच दिवशी वकील गाठा. म्हणणारा मनाने वाईटच असेल असं नाही. पण पुढे कागद होतोच, आणि तेव्हा तो एकट्याने केलेला असतो.

आता बाप कसा गेला ते सांगते. एका दिवसात गेला नाही. पहिल्या मीटिंगमध्ये तो म्हणाला, माझ्या पार्टनरचे वडील हिंगण्यात कामगार होते. मी शेजारी बसले होते, मान डोलावली. पुढच्या एका ठिकाणी तो म्हणाला, आमच्या घरातलं एक माणूस. मला ते आवडलंसुद्धा, म्हटलं, बाबांना घरचं म्हणतोय. मग मुंबईत एका काचेच्या खोलीत, गुंतवणूक करणारी माणसं समोर बसलेली असताना, त्याने चष्मा काढला, टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "डबा पोहोचला. माझे बाबा पोहोचले नाहीत." एका बाईने डोळे पुसले. मी पाण्याचा ग्लास हातात धरून बसून राहिले, कारण त्या क्षणी मी तोंड उघडलं असतं तर कंपनी तिथेच बुडाली असती.

खाली टॅक्सीत मी विचारलं. तो अगदी शांतपणे म्हणाला, "वेळ कमी होता यार. पार्टनरचे वडील म्हटलं की समोरचा पार्टनरकडे बघतो. गोष्ट तुटते." मग मोबाइलमध्ये मान घातली. मला त्याचं म्हणणं बिनतोड वाटलं नाही, पण उत्तरही सुचलं नाही. उत्तर मला नागपूरच्या गाडीत, वर्धा मागे पडल्यावर सुचलं, आणि तेव्हा तो वरच्या बर्थवर घोरत होता.

त्यानंतर सगळं उतारावरून गेलं. गुंतवणूक आली. पुण्याहून एक मार्गदर्शक आला. तो म्हणाला, लोकांना एक चेहरा लागतो, दोन नको. चेहरा अर्थातच ज्याचे बाबा लंगडतात त्याचा. मी आधी तांत्रिक प्रमुख झाले, मग सल्लागार, मग एका सोमवारी माझं ऑफिसचं कार्ड दारावर लाल दिवा दाखवू लागलं. शिपायाने आत फोन केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला की मॅडम, तुमचं सामान खाली आणून देतो. त्याने वेळोवेळी पुढे केलेल्या सगळ्या कागदांवर मी सही केलेली होती. कायद्याने त्याने काहीच चोरलं नव्हतं.

कंपनीचं मी सोडून दिलं. खरंच सोडलं. आज मी शाळांच्या व्हॅनसाठी तसंच एक लहान काम करते, मानेवाड्याकडे ऑफिस आहे, पोट भरतं. पण वर्तमानपत्रात त्याचा फोटो यायचा आणि खाली लिहिलेलं असायचं, कामगाराचा मुलगा. एका कार्यक्रमात त्याने म्हटलं की बाबांच्या चालण्याचा आवाज ऐकत मी मोठा झालो. तो आवाज मी ऐकत मोठी झाले होते. एक पाऊल पूर्ण, दुसरं ओढत. तो ऐकून मी उठायचे, आंघोळ करायचे, शाळेत जायचे. त्याच्या घरी त्याचे वडील रबरी सपाता घालून झपाझप फिरायचे, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मला कंपनी नको होती. मला ती गोष्ट परत हवी होती, आणि ज्या लोकांसमोर तो ती सांगतो त्यांच्यासमोरच परत हवी होती. वर्षानुवर्षं मी भांडी घासताना मनात त्याला प्रश्न विचारत राहिले. माझ्या हातातल्या पातेल्याकडे बघून आई म्हणायची, किती जोरात घासतेस वं, गंज पातळ होईल.

मग यंदा एका कॉलेजच्या इन्क्युबेशन सेंटरमधून फोन आला. बोलणाऱ्या मॅडम नव्या होत्या, त्यांना आमचा इतिहास ठाऊक नव्हता. होतकरू उद्योजकांसाठी दिवसभराचा कार्यक्रम होता. मी जेवणाआधी अर्धा तास अनुभवाचे धडे सांगायचे होते. मी नाही म्हणणारच होते, पण मॅडम कौतुकाने म्हणाल्या की जेवणानंतर प्रमुख पाहुणे म्हणून आपल्याच शहरातलं मोठं नाव येणार आहे, आणि नाव घेतलं. मी म्हटलं, येते. माझ्यासोबत वडील आले तर चालतील का?

बाबांना मी एवढंच सांगितलं की माझं भाषण आहे. ते खूश झाले. त्यांनी दाढी केली, पांढरा शर्ट घातला, आणि गाडीत बसताना विचारलं की तिथे जिना आहे का. मी आधीच चौकशी केली होती. जिना नव्हता, आणि पहिल्या रांगेत दोन खुर्च्या मी सांगून ठेवल्या होत्या.

माझं भाषण बरं झालं. मी पोरांना सांगितलं की चहा कोण आणतो यावरून कंपनी कुणाची ते कळतं. सांगितलं की मार्गदर्शक नेमताना त्याने कुणाला बुडवलं ते त्याला नाही, बुडालेल्याला विचारा. सांगितलं की ज्याला तुमची गोष्ट पाठ आहे त्याच्यावर डोळा ठेवा. पोरं हसली, लिहून घेतलं. बाबा टाळ्या वाजवत होते, सगळ्यांच्या थांबल्या तरी. जेवताना त्यांनी बुफेच्या रांगेत एका पोराला माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं की ती माही पोरगी होय.

तो उशिरा आला. मला पाहून त्याने लांबूनच हात जोडले, हसला, जणू मागच्याच आठवड्यात भेटलो होतो. बाबांकडे त्याचं लक्ष गेलं नाही. स्टेजवर गेल्यावर तर त्याच्या डोळ्यांवर दिवे होते. त्याने सुरुवात केली, आणि मला माहीत होतं की तो तिथेच येणार. पिशव्यांची रांग आली. पानठेला आला. नळ आला.

बाबा माझ्या कानाशी वाकले. चेहऱ्यावर हसू होतं. "हा आपलीच गोष्ट सांगून राहिला," ते म्हणाले. मग ओळखलंही, "तोच न हा, आपल्या घरी जेवाले येत होता?"

मी हो म्हटलं. तेवढ्यात त्याने चष्मा काढला. डबा पोहोचला, माझे बाबा पोहोचले नाहीत. बाबांनी थोडा वेळ विचार केला. मग हळूच, अगदी काळजीने विचारलं, "याचा बाप बी पडला होता का?"

हा प्रश्न ऐकून माझं डोकं थंड झालं. मी म्हटलं, नाही बाबा, तुम्हीच पडले होते. त्यांनी स्टेजकडे पाहिलं, आपल्या पायाकडे पाहिलं, आणि तो पाय खुर्चीखाली ओढून घेतला.

प्रश्नोत्तरं सुरू झाली. मी हात वर केला. मॅडमनी कौतुकाने माइक दिला. मनात घोटलेलं भाषण लांबलचक होतं, त्यात विश्वासघात वगैरे शब्द होते. ते मी काहीच बोलले नाही. मी म्हटलं, "सर, एक विचारायचं होतं. तो डबा त्या संध्याकाळी घरी कुणी आणला, आणि कसा दिला?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी तो थांबला असता, हसून विषय बदलला असता, तर सुटला असता. पण समोर पोरं मोबाइल धरून बसलेली होती आणि त्याला गोष्ट तोडायची सवय नव्हती. तो म्हणाला, "शेजारच्या सीटवरच्या काकांनी आणला. आई सांगते, त्यांनी तो आईच्या हातात ठेवला, आणि दोघंही रडले."

"हातात नाही देत," मी म्हटलं. "त्या बसमधला कुणीही न खाल्लेला डबा बाईच्या हातात देणार नाही. हातात दिला म्हणजे माणूस गेला. तो कडीला अडकवतात आणि बाहेर उभं राहून निरोप सांगतात. तुला हे माहीत नाही, कारण हे मी तुला सांगितलं नव्हतं. ज्यांचा डबा होता ते माझ्या शेजारी बसले आहेत. तू त्यांच्या घरी जेवला आहेस."

मी खाली बसले. माझा आवाज चढला नव्हता, याचा मला आजही अभिमान आहे. त्याने डोळ्यांवर हात धरून दिव्यांपलीकडे पाहिलं, आणि बाबा त्याला दिसले. मग तो म्हणाला, "काका." एवढंच माइकमध्ये आलं. नंतर सावरून काहीतरी म्हणाला, की ही खरं तर या शहरातल्या प्रत्येक कामगाराची गोष्ट आहे, मी प्रातिनिधिक अर्थाने. पोरं एकमेकांकडे बघायला लागली होती. ते वाक्य त्याला अर्धवट सोडावं लागलं, कारण मागून कुणीतरी हसलं. ते हसणं मी कितीतरी वेळा आठवून ऐकलं आहे. मला ते अजून पुरत नाही.

परतताना सिग्नलला गाडी थांबली तेव्हा बाबा म्हणाले, "त्यानं माहा पाय नेला. अन् आज तू बी नेला."

मी म्हटलं, मी परत आणायला नेला होता.

"मले सांगून न्यायचं होतं न मंग."

सांगितलं असतं तर आले असते का, असं मी विचारलं. त्यांनी खिडकीबाहेर बघत उत्तर दिलं की आलो असतो, पण जेवलो नसतो त्याहीच्या इथं. मग घरापर्यंत आम्ही बसच्या गोष्टी केल्या, कोण आहे, कोण गेलं.

एका पोराने तो व्हिडिओ टाकला आणि तो फिरला. पार्टनरचा फोन आला. आधी चिडला, मग मऊ झाला. वेबसाइटवर माझं नाव संस्थापक म्हणून परत लावतो म्हणाला. मी म्हटलं, नाव नको. ज्या ज्या हॉलमध्ये ती गोष्ट सांगितलीस तिथे तिथे फोन करून सांग की तो माझा बाप नाही. तो म्हणाला, असं कसं होईल. मी म्हटलं, मग हे असंच होईल, आणि फोन ठेवला. पुढच्या एका मोठ्या कार्यक्रमाच्या पोस्टरवरून त्याचा फोटो गायब झाला. ते पोस्टर मी बाबांना दाखवलं नाही, पण स्वतः पुन्हा पुन्हा पाहिलं.

इथे हे संपलं असतं तर मी हा सल्ला मोठ्या खुशीत दिला असता. पण काही दिवसांनी एका संध्याकाळी आमच्या दारात स्कूटर थांबली. पार्टनरचे वडील होते. आता निवृत्त, केस पिकलेले, पण तसेच ताठ. मी आत या म्हटलं. बाबा पलंगावर बसले होते, ते उठायला लागले, तर पाहुणे घाईघाईने म्हणाले की नका, नका उठू. आणि मग बाबांच्या पायाकडे त्यांची नजर गेली आणि तिथेच राहिली.

त्यांना व्हिडिओ बँकेतल्या निवृत्त लोकांच्या ग्रुपवर मिळाला होता. कुणीतरी तो अर्धाच पाहून साध्या मनाने खाली लिहिलं होतं की पायाला लवकर आराम पडो. दुसऱ्याने विचारलं होतं की तुम्ही बँकेच्या आधी कारखान्यात होता का. ते मला म्हणाले की बेटा, मी भांडायला आलेलो नाही. त्यांना फक्त हे जाणून घ्यायचं होतं की तो असं त्या एकाच दिवशी बोलला, ओघात, की नेहमी बोलतो. कारण त्यांनी त्याचं भाषण कधी ऐकलंच नव्हतं, आणि फोटोखाली कामगाराचा मुलगा छापून यायचं ती पेपरवाल्यांची चूक समजत आले होते. दर वेळी येऊ का विचारलं की तो म्हणायचा, बाबा, तुम्हाला कंटाळा येईल.

मी म्हणू शकले असते की ओघात बोलला असेल. समोर चहा होता, माणूस चांगला होता, त्याने आमच्यासाठी कूलरमध्ये पाणी भरलं होतं. मी मोबाइल काढला आणि त्याचं बंगळुरूचं भाषण लावलं. पूर्ण. चष्मा काढतो तो भाग, चालण्याच्या आवाजाचा भाग, आजही ते लंगडत दारापर्यंत येतात तो भाग. मी मध्ये थांबवलं नाही. त्यांनी मोबाइल दोन्ही हातांत धरून शेवटपर्यंत पाहिलं, आणि टाळ्या संपेपर्यंत ऐकल्या.

मग म्हणाले, "मी रोज स्कूटरने बँकेत जायचो. संध्याकाळी घरी यायचो. सांगण्यासारखं काही झालंच नाही माझ्या बाबतीत."

बाबा लगेच म्हणाले, "बरं झालं न साहेब. काही झालं नाही हेच बरं असते."

त्यावर ते हसायला गेले आणि त्यांना हसता आलं नाही. रुमाल शोधायला त्यांनी सगळे खिसे चाचपले. आई आतून पाणी घेऊन आली आणि तशीच उभी राहिली. मला त्या वेळी वाईट वाटलं, खूप वाटलं, पण ते मला माझ्याबद्दल नाही वाटलं. मला त्या पोराचा आणखी राग आला. माझा बाप त्याने नेला होता. स्वतःचा तर जिवंतपणी घरात बसवून पुसून टाकला होता.

निघताना त्यांनी बाबांना नमस्कार केला. बाबा फाटकापर्यंत गेलेच, ऐकलं नाही. स्कूटर सुरू करण्याआधी त्यांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं आता म्हणतील, त्याला माफ कर, किंवा तो व्हिडिओ काढायला सांग. माझं "नाही" तोंडात तयार होतं.

ते म्हणाले, "तू पोरांना शिकवायला जातेस म्हणे. हे सांगशीलच पुढे कुठे ना कुठे. तेव्हा एवढं जोडून सांग, की त्याचे वडील बँकेत होते. आणि अजून आहेत."

मी सांगते. जिथे बोलावतील तिथे, होतकरू पोरापोरींसमोर, कागद करा, वकील गाठा, गोष्ट स्वतः सांगायला शिका हे सगळं झाल्यावर, मी त्याचं नाव घेते आणि म्हणते की याचे वडील बँकेत होते, दोन्ही पाय धड आहेत, स्कूटर चालवतात, आणि अजून आहेत. पोरं हसतात. त्यांना वाटतं मी त्याला आणखी खाली ओढते आहे. ओढतेच. पण ते वाक्य माझं नाही, आणि ते म्हणताना मी कुणालाही हसू देत नाही, हात वर करून थांबवते आणि पुन्हा एकदा सावकाश म्हणते.